रत्नांवरील प्रक्रिया : ग्राहकाने काय जाणून घ्यावे

रत्नपरीक्षा ही भारतात फार प्राचीन काळापासून चालत आलेली विद्या आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात दाखल करावयाच्या रत्नांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हिरा, मोती, माणिक व पाचू यांच्या गुणदोषांचा विचार स्वतंत्र अध्यायांतून केलेला आढळतो. त्या परीक्षकांपुढे प्रामुख्याने दोन प्रश्न असत : रत्न खरे की खोटे, आणि खरे असल्यास ते कोणत्या प्रतीचे. आजच्या ग्राहकापुढे याखेरीज तिसराही प्रश्न उभा राहतो. समोरचा खडा खाणीतून निघाला तेव्हा असाच होता, की त्याचा रंग व स्वच्छपणा त्याला नंतर देण्यात आला आहे?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या जिज्ञासेचा नाही. बाजारात येणाऱ्या माणिक, नीलम व पाचू यांपैकी फार मोठ्या भागावर कोणती ना कोणती प्रक्रिया झालेली असते. एकाच आकाराची, एकाच वजनाची आणि वरवर पाहता एकाच रंगाची दोन माणके शेजारी ठेवली, तर एकाची किंमत दुसऱ्याच्या शंभरपट असू शकते. लग्नकार्यासाठी, भेट म्हणून अथवा ज्योतिषाच्या सल्ल्याने खडा घेणारे कुटुंब अनेकदा वर्षभराची शिल्लक त्यात घालते. पुढे तो मोडीत घालण्याची अथवा वाटणीत त्याचे मोल करण्याची वेळ आली, म्हणजे सत्य उघडकीस येते. तोपर्यंत विक्रेत्याची पावती सापडत नाही, आणि सापडली तरी तीत केवळ ‘खडा १ नग’ एवढाच मजकूर असतो.

नैसर्गिक, कृत्रिम आणि नकली

प्रक्रियांचा विचार करण्यापूर्वी तीन संज्ञांतील भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे. भूगर्भात अथवा सजीवाच्या देहात तयार झालेले ते नैसर्गिक रत्न. त्याच रासायनिक घटकांपासून, त्याच स्फटिकरचनेचे, परंतु कारखान्यात वाढविलेले ते कृत्रिम रत्न. आणि केवळ दिसण्यात साम्य असलेला वेगळाच पदार्थ म्हणजे नकली रत्न. रंगीत काच माणकाची नक्कल होय. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने मिळणारा खडा बहुधा क्यूबिक झिर्कोनिया असतो. त्याचा हिऱ्याशी केवळ चकाकीपुरता संबंध आहे.

कृत्रिम माणिक ही अलीकडची गोष्ट नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेरनॉय यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्योतीत वितळवून माणिक तयार करण्याची आपली पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत असे माणिक जगभर स्वस्तात मिळू लागले. त्यामुळे आजीच्या नथीतील किंवा पणजीच्या कुड्यांतील लाल खडा ‘घराण्यातला आहे, म्हणून अस्सल आहे’ असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते. शंभर वर्षांपूर्वीचा दागिना असला, तरी त्यातील खडा कारखान्यातील असणे सहज शक्य आहे.

प्रक्रिया केलेले रत्न या तिन्हींहून निराळे असते. ते मुळात नैसर्गिकच असते, परंतु पैलू पाडणे व घासूनपुसून चकाकी आणणे यांपलीकडे जाऊन त्याच्या रंगात, स्वच्छपणात किंवा टिकाऊपणात मनुष्याने बदल केलेला असतो. प्रक्रिया करणे हा स्वतः होऊन अपराध नाही. ती लपविणे हा मात्र ग्राहकाची फसवणूक करण्याचा प्रकार आहे.

खंबायतच्या मडक्यांतील अकीक

रत्ने तापविण्याची कला किती जुनी आहे, याचे उत्तम उदाहरण गुजरातेत मिळते. राजपिपळ्याच्या टेकड्यांलगत रतनपूर परिसरातून निघणारा अकीक खंबायत येथे नेऊन त्याचे मणी घडविण्याचा धंदा आजही चालतो. खाणीतून येणारे गोटे बहुधा मळकट पिवळ्या किंवा तपकिरी रंगाचे असतात. ते उन्हात वाळवून, मातीच्या मडक्यांत भरून, शेणी व लाकडाच्या भुशाच्या मंद आचेवर तापविले जातात. दगडातील लोहाच्या संयुगात बांधलेले पाणी उष्णतेने निघून जाते आणि लोहाच्या लाल ऑक्साइडमुळे दगडाला तांबडा रंग येतो. लोथल येथील उत्खननात हडप्पा काळातील मणी घडविण्याचा कारखाना व भट्टी सापडली आहे. सिंधू संस्कृतीचे असे तांबडे मणी मेसोपोटेमियातील उर या नगरीच्या दफनभूमीतही मिळाले आहेत. म्हणजेच, चार हजार वर्षांपूर्वी परदेशी गेलेला हा भारतीय माल तापविलेलाच होता.

अकराव्या शतकातील विद्वान अल्-बिरूनी यानेही आपल्या रत्नविषयक ग्रंथात माणिक तापवून त्याचा रंग सुधारण्याच्या पद्धतीचा उल्लेख केला आहे. श्रीलंकेतील कारागीर कोळशाच्या आचेवर फुंकणीने हवा घालून माणकातील निळसर झाक घालविण्याचे काम पिढ्यानुपिढ्या करीत आले. जुन्या काळच्या बंद कोंदणात खड्यामागे चकाकता पत्रा बसविण्याची रीतही याच जातीची होय. त्यामुळे फिका खडा गडद व पाणीदार दिसतो.

नीलम आणि पुष्कराज : भट्टीतील रंग

माणिक, नीलम आणि पुष्कराज ही तिन्ही रत्ने एकाच खनिजाची, कोरंडमची, रूपे आहेत. शुद्ध कोरंडम हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असून ते रंगहीन असते. त्यात अल्प क्रोमियम आल्यास माणकाचा लाल रंग दिसतो, लोह व टिटॅनियम एकत्र आल्यास नीलमाचा निळा, आणि लोहामुळे पुष्कराजाचा पिवळा.

श्रीलंकेत ‘गेउडा’ या नावाने ओळखले जाणारे दुधी, धुरकट कोरंडम मोठ्या प्रमाणावर सापडते. त्यात रुटाइल या टिटॅनियमयुक्त खनिजाचे केसासारखे सूक्ष्म तंतू विखुरलेले असतात. या तंतूंमुळेच त्याला दुधी छटा येते. १९७० नंतरच्या दशकात थायलंडमधील व्यापाऱ्यांनी हा कवडीमोलाचा माल विकत घेऊन आधुनिक भट्ट्यांत तापविण्यास प्रारंभ केला. सुमारे १,५०० ते १,८०० अंश सेल्सियस तापमानाला हे तंतू विरघळतात, त्यांतील टिटॅनियम स्फटिकात मिसळते आणि लोहाच्या सान्निध्यात खडा निळा व पारदर्शक होतो. हा रंग कायमचा असतो. उन्हाने, पाण्याने अथवा नेहमीच्या वापराने तो फिका पडत नाही. म्हणूनच केवळ तापविलेला नीलम व्यापारात मान्य मानला जातो. तथापि न तापविलेला तितक्याच रंगाचा नीलम दुर्मिळ असल्याने त्याची किंमत कितीतरी अधिक असते, आणि तापविलेला खडा न तापविलेल्याच्या भावाने विकला गेल्यास ग्राहकाची हानी तेवढीच मोठी होते.

तापविल्याची खूण खड्याच्या पोटातच राहते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास रेशमी तंतू तुटून ठिपक्यांसारखे झालेले दिसतात, आणि आतील बारीक स्फटिकांभोवती तबकडीसारख्या चिरा पडलेल्या आढळतात. उलटपक्षी, अखंड रेशमी तंतू हे खडा अतिउच्च तापमानास न गेल्याचे लक्षण मानतात. आतून अगदी निर्मळ खडा सर्वोत्तम, असे समजणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नैसर्गिक रत्नातील बारीकसा दोष हाच कित्येकदा त्याच्या अस्सलपणाचा पुरावा असतो.

याहून पुढची पायरी म्हणजे भट्टीत बाहेरून रंगद्रव्य घालणे. फिक्या कोरंडमवर टिटॅनियमचा लेप देऊन तो तापविल्यास पृष्ठभागालगत निळा थर तयार होतो. हा थर इतका पातळ असतो की, पैलू पुन्हा घासल्यास रंग नाहीसा होतो. असा खडा योग्य द्रवात बुडवून पाहिल्यास पैलूंच्या कडांशी रंग साचलेला दिसतो. २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून नारिंगी व पिवळ्या रंगाचे कोरंडम अकस्मात मोठ्या प्रमाणावर बाजारात आले, तेव्हा त्यांवर बेरिलियमची प्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. बेरिलियमचे अणू अत्यंत लहान असल्याने ते खड्यात खोलवर, कधी कधी गाभ्यापर्यंत पोहोचतात. नेहमीच्या उपकरणांनी त्याचा निश्चित पत्ता लागत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतील वस्तुमान-पंक्तिमापकाचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे पिवळ्या पुष्कराजाला मोठी मागणी असल्याने ही माहिती विशेष महत्त्वाची आहे.

पुष्कराजाच्या बाबतीत नावांचा घोटाळाही होतो. पिवळा कोरंडम, पिवळा टोपाझ आणि सुनेला या तीन निरनिराळ्या खनिजांच्या खड्यांची सरमिसळ याच एका नावाखाली झालेली आढळते. सुनेला हे गारगोटीच्या जातीचे स्फटिक असून बाजारातील बहुतेक सुनेला जांभळ्या स्फटिकास तापवून पिवळा केलेला असतो. त्यामुळे पावतीवर केवळ ‘पुष्कराज’ असे न लिहिता खनिजाचे नाव स्पष्ट लिहून घेणे इष्ट.

माणिक आणि काच

सर्व प्रक्रियांत ग्राहकाचे सर्वाधिक नुकसान करणारी प्रक्रिया माणकाच्या बाबतीत आढळते. १९९० नंतर म्यानमारमधील मोंग शू येथील माणके बाजारात येऊ लागली. त्यांच्या गाभ्यातील निळसर रंग घालविण्यासाठी ती टाकणखारासारख्या द्रावकासह तापविली जात. त्यामुळे भेगा अंशतः सांधल्या जात व त्यांत काचेसारखा अवशेष राहत असे. २००४ पासून मात्र याहून अगदी वेगळा माल दिसू लागला. ज्याला पूर्वी कोणी पैलूही पाडले नसते, असे भेगाळलेले, अपारदर्शक कोरंडम आम्लाने स्वच्छ करून त्याच्या भेगांत व पोकळ्यांत शिसेयुक्त काच वितळवून भरली जाऊ लागली.

या युक्तीमागील तत्त्व सोपे आहे. भेगेत हवा असली, म्हणजे प्रकाश तेथे परावर्तित होऊन भेग पांढरी चमकते. शिसेयुक्त काचेचा अपवर्तनांक माणकाच्या अपवर्तनांकाजवळ असतो. अशी काच भेगेत भरली की, प्रकाश जवळजवळ न अडखळता पलीकडे जातो आणि भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. मातीमोलाचा दगड पाणीदार माणिक भासू लागतो. अशा खड्यात काचेचा अंश मोठा असू शकतो. म्हणून काही प्रयोगशाळा त्याला माणिक न म्हणता माणिक व काच यांचा संयुक्त पदार्थ म्हणतात. पुढील काही वर्षांत निळ्या कोरंडमच्या भेगांत कोबाल्टयुक्त निळी काच भरलेला मालही याच रीतीने बाजारात आला.

हा खडा दिसतो माणकासारखा, पण वागतो काचेसारखा. माणिक कठीणपणात केवळ हिऱ्याच्या खालोखाल, तर शिसेयुक्त काच त्यामानाने फारच मऊ. सोनाराच्या ज्योतीच्या आचेने ही काच वितळते किंवा फुगून बाहेर येते. दागिना उजळण्यासाठी वापरलेल्या तेजाबाने ती झिजते. लिंबाच्या रसासारख्या घरगुती पदार्थाचाही तिच्यावर परिणाम होतो आणि खड्यावर पांढऱ्या रेषांचे जाळे उमटते.

यातून एक निराळीच आपत्ती उद्भवते. अंगठी सैल झाली किंवा घर तुटले, म्हणून ग्राहक ती नेहमीच्या सोनाराकडे नेतो. अस्सल माणिक झाळकामाची आच बहुधा सहन करते, हे सोनार अनुभवाने जाणून असतो. तो नेहमीप्रमाणे काम करतो आणि खडा त्याच्या डोळ्यांदेखत पांढरा पडतो. खडा बदलला किंवा बिघडविला, असा आरोप त्याच्यावर येतो. खडा विकणारा दूरच्या शहरातील असतो. दोष पदरी पडतो तो तीन पिढ्यांचा घरोबा असलेल्या गावच्या सोनाराच्या. म्हणून दुरुस्तीस दागिना देताना खड्यावरील प्रक्रियेची माहिती ग्राहकाने सोनारास द्यावी. माहिती नसल्यास सोनाराने खडा काढून घेऊनच काम करावे आणि तशी नोंद पावतीवर ठेवावी, हे उभयतांच्या हिताचे आहे.

काच भरल्याची खूण दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली बहुधा ओळखता येते. खडा हळूहळू कलता केल्यास भेगांच्या जागी निळ्या किंवा नारिंगी रंगाची झळक दिसते आणि आत हवेचे चपटे अथवा गोल बुडबुडे आढळतात.

पाचू आणि तेल

पाचू हे बेरिल जातीचे रत्न स्वभावतःच भेगांचे. निर्मळ पाचू इतका विरळा की, भेगांच्या जाळ्याला पाश्चात्त्य जवाहिरे पाचूची ‘बाग’ म्हणतात. या भेगा झाकण्यासाठी पाचू तेलात मुरविण्याची पद्धत फार जुनी आहे. जयपूर हे पाचूला पैलू पाडण्याचे जगातील एक प्रमुख केंद्र आहे. कोलंबिया, झांबिया, ब्राझील येथील कच्चा माल तेथे येतो आणि पैलू पाडल्यानंतर त्यास तेल देणे हा कामाचा नित्य भाग समजला जातो. सीडर वृक्षाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१ आणि पाचूचा सुमारे १.५८ असल्याने भेग पूर्णतः नाहीशी होत नसली, तरी तिची धार बोथट होते.

रंगहीन तेल व्यापारात सर्वमान्य आहे. हिरव्या रंगाचे तेल मान्य नाही. जयपूरच्या बाजारात ‘जोबन’ या नावाने ओळखले जाणारे हिरवे तेल भेग झाकतेच, शिवाय फिक्या खड्याला उसना रंगही देते. १९८० नंतर तेलाऐवजी कृत्रिम राळेचा वापर वाढला. राळ तेलापेक्षा अधिक काळ टिकते, परंतु काही प्रकारची राळ कालांतराने पिवळी अथवा धुरकट होते आणि ती काढणे कष्टाचे असते.

पाचू घेणाऱ्याने ‘तेल आहे काय’ एवढेच न विचारता ‘तेल किती आहे’ असे विचारावे. प्रयोगशाळा आपल्या अहवालात तेलाचे प्रमाण अल्प, मध्यम किंवा लक्षणीय अशा श्रेणींनी नमूद करतात आणि किंमत त्यानुसार ठरते. तेल कालांतराने सुकते. तेव्हा भेगा पुन्हा दिसू लागतात आणि खडा ‘उतरला’ असे वाटते. असा खडा जाणकार कारागिराकडून पुन्हा तेलात घालून घेता येतो. पाचूचा दागिना गरम पाण्यात किंवा साबणाच्या फेसात ठेवू नये, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावा, आणि दागिने स्वच्छ करण्याच्या ध्वनिलहरींच्या यंत्रात कदापि घालू नये. मऊ ओल्या कापडाने पुसणे पुरेसे आहे.

अन्य रत्ने

निळा टोपाझ आज स्वस्त व विपुल मिळतो, याचे कारण विकिरण होय. रंगहीन टोपाझवर इलेक्ट्रॉन, गॅमा किरण अथवा अणुभट्टीतील न्यूट्रॉन यांचा मारा करून तो नंतर तापविला जातो. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने खड्यात येणारी किरणोत्सारिता ओसरेपर्यंत तो राखून ठेवावा लागतो. टांझानियात १९६७ मध्ये सापडलेल्या टांझानाइटचा निळा-जांभळा रंगही बहुतेक वेळा तपकिरी खडा तापवूनच मिळविलेला असतो. पिरोजा सच्छिद्र असल्याने त्यात मेण किंवा प्लास्टिक मुरविले जाते, आणि पांढऱ्या स्वस्त दगडांना निळा रंग देऊन पिरोजा म्हणून विकले जाते. फिक्या जातीच्या पोवळ्यांस लाल रंग देण्याचा प्रकारही सर्रास चालतो.

हैदराबाद ही मोत्यांची जुनी पेठ. तेथे विकले जाणारे मोती आता मुख्यत्वे संवर्धित असतात. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढविण्यात यश आले आणि पुढे संवर्धित मोत्यांनी सर्व बाजार व्यापला. शिंपल्यातून निघालेला मोती हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करणे ही नित्याची प्रक्रिया आहे. काळे, सोनेरी व गुलाबी मोती अनेकदा रंगविलेले असतात. भोकाच्या तोंडाशी रंग गडद साचलेला दिसल्यास शंका घ्यावी. तन्मणी किंवा चिंचपेटीतील जुने मोती बसरा मोती आहेत काय, याचा निर्णय क्ष-किरण तपासणीवाचून करता येत नाही. दातावर घासून खरखर लागली, म्हणजे मोती काचेचा नाही एवढेच कळते. नैसर्गिक व संवर्धित मोती दोन्ही सारखेच खरखरतात.

हिऱ्यातील काळा ठिपका लेसर किरणाने सूक्ष्म छिद्र पाडून घालविणे, भेगेत काच भरणे, आणि अतिउच्च दाब व तापमान देऊन तपकिरी हिरा पांढरा करणे या प्रक्रिया प्रचलित आहेत. यांपैकी शेवटची १९९९ पासून व्यापारात आहे. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा हा प्रक्रिया केलेला हिरा नव्हे, तर कृत्रिम रत्न होय. त्याचे घटक खाणीतील हिऱ्याचेच असतात आणि नुसत्या भिंगाने तो ओळखता येत नाही. मात्र त्याची किंमत खूपच कमी असते. म्हणून तो त्याच नावाने विकला गेला पाहिजे.

घरगुती परीक्षांची मर्यादा

नीलम दुधात ठेवल्यास दूध निळे दिसते, माणिक घासल्यास काचेवर ओरखडा उठतो, अशा परीक्षा अद्याप प्रचारात आहेत. कृत्रिम नीलमाची निळी झाकही दुधात तशीच दिसते. काचेवर ओरखडा तर साधी गारगोटीही उठविते. अशा घर्षणात खऱ्या खड्याच्या कडा झिजण्याचा संभव मात्र असतो. सामान्य ग्राहकास उपयोगी पडतील अशी साधने दोनच : दिवसाचा उजेड आणि दहापट भिंग. दुकानातील पिवळ्या व तीव्र दिव्यांखाली रंगाचा निर्णय करू नये. मोठ्या किमतीचा खडा कोंदणात बसविण्यापूर्वी, सुटा असतानाच तपासून घ्यावा. बंद कोंदणातील खड्याची मागील बाजू प्रयोगशाळेलाही पाहता येत नाही.

प्रमाणपत्र आणि त्याचा अर्थ

भारतात रत्नांच्या तपासणीची सोय मुंबई, जयपूर व अन्य शहरांत उपलब्ध आहे. जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून कार्यरत आहे. अहवाल हाती घेतल्यावर ग्राहकाने वजन, मापे व छायाचित्र प्रत्यक्ष खड्याशी ताडून पाहावे आणि अहवालाचा क्रमांक संबंधित प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावा. ‘नॅचरल’ हा शब्द वाचून समाधान मानू नये. तो खड्याच्या उत्पत्तीविषयी असतो, प्रक्रियेविषयी नव्हे. काच भरलेले माणिकही मुळात नैसर्गिकच. प्रक्रियेची माहिती ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कॉमेंट्स’ या सदराखाली असते. तेथे ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे तापविल्याच्या खुणा आढळल्या नाहीत, ‘मायनर ऑइल’ म्हणजे अल्प तेल, ‘लेड ग्लास फिल्ड’ म्हणजे शिसेयुक्त काच भरलेला, असा अर्थ घ्यावा. प्रक्रियेविषयी काहीच लिहिलेले नसल्यास प्रक्रिया झालेली नाही असे समजू नये. ती तपासली होती काय, हे विचारावे.

सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्क केवळ धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्यातील खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. कुंदन, पोलकी व जडावाच्या दागिन्यांना तर सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे. सोने तारण ठेवून कर्ज घेतानाही खड्यांचे वजन वजा होते व त्यांचे मूल्य धरले जात नाही.

पावती आणि कायद्याचे संरक्षण

रत्नाचे वजन मेट्रिक कॅरटमध्ये लिहिलेले असावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती हे जुने माप असून ते सर्वत्र सारखे नाही. सोन्याच्या व्यवहारातील रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर खड्यांच्या व्यापारातील ‘पक्की’ रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची धरतात. भाव एका रत्तीने सांगून वजन दुसऱ्या रत्तीने केल्यास ग्राहक सहज फसतो.

पावतीवर पुढील बाबी असाव्यात :

१. खनिजाच्या स्पष्ट उल्लेखासह रत्नाचे नाव;
२. रत्न नैसर्गिक, संवर्धित, कृत्रिम की नकली;
३. केलेली प्रक्रिया व तिचे प्रमाण, अथवा प्रक्रिया नसल्याचे विधान;
४. खड्याचे वजन व किंमत, धातूच्या वजन-किमतीपासून वेगळे दाखविलेले;
५. अहवाल असल्यास प्रयोगशाळेचे नाव व क्रमांक;
६. तपासणीत वर्णन खोटे ठरल्यास पैसे परत करण्याची अट व मुदत.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मालाच्या दर्जाविषयी खोटे वर्णन करणे, तसेच पावती न देणे, हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणी शुल्क पडत नाही. खरेदी दुसऱ्या गावी झाली असली, तरी ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. यात्रेत, प्रवासात किंवा टपालाने खडा मागविणाऱ्यांना या तरतुदीचा विशेष उपयोग होतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

प्रक्रिया केलेले रत्न घेऊ नये, असे या विवेचनाचे तात्पर्य नाही. तापविलेला नीलम किंवा अल्प तेलाचा पाचू योग्य किमतीस घेतला व नीट सांभाळला, तर तो पुढील पिढीच्याही उपयोगी पडतो. अल्प किमतीत काच भरलेले माणिक हौसेने वापरण्यासही हरकत नाही. मात्र ते काय आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे आणि किंमतही त्याच मानाने दिलेली असली पाहिजे. विक्रेत्याला प्रक्रियेविषयी स्पष्ट प्रश्न विचारणे व त्याचे उत्तर पावतीवर लिहून घेणे, यास दुकानात पाच मिनिटेही लागत नाहीत. प्रामाणिक जवाहिऱ्या असे उत्तर आनंदाने लिहून देईल. जो लिहून देण्यास काचकूच करील, त्याच्याकडील खरेदी तपासणी होईपर्यंत स्थगित ठेवणेच शहाणपणाचे होय.